वाचक बदलला; वाचनालयाची इमारत कधी बदलणार?

मे महिन्यातील दुपारचे तीन ही नागपूरकराने घराबाहेर पडण्याची वेळ नव्हे. बर्डीवरची वर्दळ ओसरलेली असते, दुकानांच्या शटरवर ओले पडदे टाकलेले असतात आणि रस्त्याचे डांबर पायाला चिकटते. तरीही याच वेळी शहरातील एखाद्या अभ्यासिकेसमोर जाऊन पाहावे. बाहेर दुचाकी आणि सायकलींची दाटी असते आणि आत एकही खुर्ची रिकामी नसते. राज्यसेवा, बँक, रेल्वे, पोलीस भरती, वैद्यकीय प्रवेश अशा नाना परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळी डबा घेऊन येतात, ती रात्री आठ-नऊपर्यंत तेथेच असतात. त्यांच्या भाषेत त्यांनी ‘लायब्ररी लावलेली’ असते. मेस लावावी तशी. गंमत अशी, की या लायब्ररीत बहुधा पुस्तकच नसते. महिन्याचे पैसे भरून मिळते ती एक खुर्ची, डोक्यावर पंखा, समोर दिवा आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय.

त्याच वेळी पुस्तके असलेली सार्वजनिक वाचनालये मात्र दुपारी बंद असतात, किंवा उघडी असली तरी तेथे बसवत नाही. एकीकडे पुस्तकांविना खुर्च्या आणि दुसरीकडे खुर्च्यांविना पुस्तके, असे हे चित्र आहे. वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याची खंत आपण वारंवार व्यक्त करतो. परंतु ज्या शहरात दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांसमोर पाय ठेवायला जागा नसते, त्या शहराला वाचक नाहीत असे कसे म्हणावे? वाचक आहेत. त्यांना बसायला योग्य इमारत नाही, हे त्याहून अधिक खरे आहे.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीत १८२८ साली, नाशिकला १८४० साली, पुण्यात १८४८ साली वाचनालये सुरू झाली. पुढे गावोगावी जी वाचनालये उभी राहिली, त्यांच्या वास्तूंचा एक साचा ठरून गेला. दारातच देवघेवीचे टेबल, त्यामागे लाकडी किंवा लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि दर्शनी खोलीत वर्तमानपत्रांसाठी एक लांब टेबल व दोन्ही बाजूंना बाके. हा साचा चुकीचा नव्हता. त्या काळचा वाचक पुस्तक बदलायला येई, दहा मिनिटे उभा राही आणि घरी जाई. वर्तमानपत्र वाचणारा फार तर तासभर टेके. पुस्तके महाग होती, म्हणून ती कुलपात असत. इमारतीत मुक्काम पुस्तकांचा होता, वाचक पाहुणा होता.

आज हे नाते नेमके उलटे झाले आहे. कादंबरी घरपोच मिळते, बातमी हातातल्या मोबाइलवर येते. मग वाचक ग्रंथालयात कशासाठी येतो? तो घरी न मिळणाऱ्या शांततेसाठी येतो. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे, दूरदर्शन संच आणि शेजारच्या लग्नाचा बँड यांतून सुटका म्हणून येतो. ज्येष्ठ नागरिक सोबतीसाठी येतात, लहान मुलांना आई-वडील सुटीत घेऊन येतात, संशोधकाला जुन्या नियतकालिकांच्या फायली हव्या असतात. दहा मिनिटांचा पाहुणा आता दहा तासांचा रहिवासी झाला आहे, आणि इमारतीचा आराखडा मात्र अजून पाहुण्याच्या मापाचा आहे.

नवे बांधकाम निघते तेव्हाही चूक पहिल्याच पायरीवर होते. देणगीदार मिळतो, भूखंड मिळतो, वास्तुविशारदाकडून दर्शनी भागाचे रंगीत चित्र करून घेतले जाते आणि भूमिपूजन होते. ग्रंथपालाला आराखडा दाखवला जातो तो खांब उभे राहिल्यावर. वास्तविक नकाशाच्या आधी एक साधा कागद तयार व्हायला हवा. कोण येणार, किती जण येणार, किती वेळ बसणार, पुस्तके आज किती आणि वीस वर्षांनी किती, कर्मचारी किती, इमारत किती तास उघडी राहणार, एवढे त्यात हवे. हा कागद ग्रंथपालाने लिहायचा असतो. वास्तुविशारदाने तो वाचून मगच पेन्सिल हाती घ्यायची असते.

यातील गणित अवघड नाही. बसून वाचणाऱ्या एका माणसाला टेबल, खुर्ची आणि ये-जा करण्याची वाट धरून साधारण पंचवीस चौरस फूट जागा लागते, हा ग्रंथालयशास्त्रातील जुना ठोकताळा आहे. मांडणीच्या दालनात एका चौरस मीटरला सुमारे दीडशे ग्रंथ बसतात. म्हणजे दोनशे वाचक आणि पन्नास हजार पुस्तके असलेल्या ग्रंथालयाला वाचकांसाठी पाच हजार चौरस फूट आणि पुस्तकांसाठी सुमारे छत्तीसशे चौरस फूट जागा हवी. जिने, स्वच्छतागृहे, कार्यालय, बालविभाग ही जागा आणखी वेगळी. वाचकाला पुस्तकांपेक्षा अधिक जागा लागते, ही गोष्ट आपल्याकडील अनेक विश्वस्त मंडळांना आजही पटवावी लागते.

डॉ. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिच्यातील पाचवे सूत्र, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, इमारतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ब्रिटिश वास्तुविशारद हॅरी फॉकनर-ब्राऊन यांनी ग्रंथालय-वास्तूचे जे दहा गुण सांगितले, त्यांत पहिला मान लवचीकतेला आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे ग्रंथालय-इमारतींविषयीचे स्वतंत्र मानक आहे. त्याचा क्रमांक १५५३. ही सारी सामग्री हाताशी असताना ती उघडून पाहिली जात नाही, एवढेच. मात्र हेही खरे, की या ग्रंथांत नागपूरचा उन्हाळा नाही. तो आपला आपल्यालाच सोडवावा लागतो.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंचेचाळीस अंश तर दरवर्षीचेच. मेच्या शेवटच्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य अगदी डोक्यावर असतो. याचा अर्थ उन्हाळ्यात भिंतींपेक्षाही छत अधिक तापते, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत भट्टी होते. असे असताना आपण अभ्यासिका कोठे करतो? सर्वांत वरच्या मजल्यावर. जागा अपुरी पडली की गच्चीवर टिनाचे शेड टाकतो आणि तेथे परीक्षार्थींना बसवतो. शहरातील अशाच एका शेडमध्ये प्रस्तुत लेखकाने एप्रिलमधील एक दुपार काढली आहे. पंखा गरम हवा खाली ढकलत होता आणि शेजारचा मुलगा ओला रुमाल डोक्यावर ठेवून अर्थशास्त्र वाचत होता. त्याच्या जिद्दीचे कौतुक वाटले. इमारत बांधणाऱ्यांचे वाटले नाही.

उपाय नवे नाहीत. महालातील भोसलेकालीन वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक, सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांची उंच छते आणि भोवतीचे व्हरांडे यांत हे शहाणपण साठवलेले आहे. वाचनकक्ष उत्तरेकडे ठेवावा. उत्तरेचा प्रकाश दिवसभर सौम्य आणि स्थिर असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ सूर्य थोडा उत्तरेकडूनही येतो, म्हणून त्या खिडक्यांना उभ्या पट्ट्यांचा आडोसा द्यावा. दक्षिणेला खोल छज्जे असावेत. पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहे, भांडार अशा खोल्या रचाव्यात, म्हणजे ऊन त्यांच्या अंगावर थांबते. छतावर कोबा आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, हा तर येथील प्रत्येक गवंड्याला ठाऊक असलेला प्रकार आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर शक्यतो सभागृह किंवा कार्यालय असावे. दहा तास बसणारा वाचक नव्हे.

काचेचा सोस हा स्वतंत्र विषय आहे. पॅरिस येथील फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय १९९६ साली नव्या वास्तूत वाचकांना खुले झाले. उघड्या पुस्तकाच्या आकाराचे चार काचेचे मनोरे, आणि त्या मनोऱ्यांत पुस्तके! उन्हाने ग्रंथ खराब होतील अशी ओरड झाल्यावर काचेच्या आत लाकडी झडपा बसवाव्या लागल्या. ही कथा पॅरिसच्या मवाळ उन्हाची आहे. नागपुरात वर्धा रोडवरच्या कार्यालयांसारखी काचेची दर्शनी भिंत ग्रंथालयाला लावणाऱ्यांनी पुढच्या वीस वर्षांच्या विजेच्या देयकाचीही तरतूद देणगीपत्रात करून ठेवावी.

आता कूलर. कूलरशिवाय नागपूरचे ग्रंथालय ही कल्पनाच करता येत नाही, आणि येथेच वाचकाचे व पुस्तकाचे हित एकमेकांसमोर उभे राहते. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते, की कागद ठिसूळ होतो, बांधणीचा डिंक सुटतो. अशा वेळी कूलरची ओली हवा माणसाला बरी वाटते आणि पुस्तकालाही फारशी बाधत नाही. खरी हानी होते मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर. हवेतील आर्द्रता आधीच वाढलेली असते, उकाडा मात्र कमी झालेला नसतो. म्हणून कूलर सुरूच राहतात. सापेक्ष आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीला आमंत्रण मिळते. जुलैत कपाट उघडताच जो कुबट वास येतो, तो बऱ्याचदा पावसाचा नसून कूलरचा असतो. कसर आणि वाळवी मग पाठोपाठ येतात.

यावर तोडगा आराखड्यातच काढावा लागतो. वाचनकक्ष आणि ग्रंथभांडार यांची हवा वेगळी ठेवावी. वाचकांच्या दालनात कूलर असावेत, पण त्यांची हवा समोरच्या खिडक्यांतून बाहेर पडावी. मांडणीच्या दालनात ती शिरू नये. दुर्मीळ ग्रंथ आणि जुनी नियतकालिके यांच्यासाठी मात्र एक छोटी, घट्ट दाराची, वातानुकूलित खोली हवी. तेथील यंत्र दिवसा चालू आणि रात्री बंद असे करू नये. तापमानाचा रोजचा चढउतार कागदाला अधिक घातक असतो. सारी इमारत वातानुकूलित करण्याचा संकल्प उद्घाटनाच्या दिवशी छान वाटतो. दुसऱ्या उन्हाळ्यात देयक पाहून यंत्रे बंद पडतात, आणि त्या इमारतीला उघडणाऱ्या खिडक्याच नसतात.

पुस्तकांच्या वजनाविषयी आपल्याकडे विलक्षण बेफिकिरी आहे. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार गृहीत धरून बांधतात. ग्रंथभांडारासाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात हाच आकडा सुमारे सहाशे किलो आहे, तोही मांडणीची उंची सव्वादोन मीटरच्या आत असेल तर. त्यावरील प्रत्येक मीटर उंचीसाठी आणखी दोनशे किलो. म्हणजे तिप्पट. एखाद्या साहित्यप्रेमी सद्गृहस्थाने आपला बंगला वाचनालयाला दिला, की वरच्या बेडरूममध्ये कपाटे ओळीने लावली जातात. काही वर्षांनी तुळईला तडा जातो तेव्हा दोष सिमेंटला दिला जातो. अशा वास्तूत पुस्तके तळमजल्यावर आणि वाचक वर, अशीच विभागणी करावी; तीही अभियंत्याकडून तपासून घेऊन.

तळमजला म्हणजे तळघर मात्र नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीने काठ सोडले आणि सीताबर्डीतील मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. हा परिसर ग्रंथालयासाठी एरवी आदर्श. बाजारपेठ जवळ, शहर बस जवळ, झाशी राणी चौकात मेट्रोचे स्थानक. विदर्भ साहित्य संघाची वास्तूही त्याच चौकात आहे. वाचक जेथून सहज ये-जा करतो तेथेच ग्रंथालय हवे, यात शंका नाही. पण नदीकाठच्या शहराने जोते उंच घ्यावे, सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर ठेवावा आणि तळघरात गाड्यांखेरीज काहीही ठेवू नये.

जोते उंच घेतले की पायऱ्या येतात, आणि पायऱ्यांबरोबर दुसरा प्रश्न. मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या चित्रपटांतून सर्वांच्या परिचयाच्या आहेत. तेथे बसून छायाचित्र सुंदर येते. गुडघे दुखणाऱ्या वाचकाला मात्र ग्रंथालय दूर वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर सार्वजनिक इमारतीत उतार ही मेहेरबानी राहिलेली नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असे त्याचे माप आहे. अनेक ठिकाणी उतार म्हणून जे बांधले जाते, त्यावरून स्कूटर चढेल, चाकाची खुर्ची चढणार नाही. उतार चढून आत आलेल्या माणसाला दोन कपाटांमधून जाता आले पाहिजे, हेही ओघाने आलेच.

येथे खांबांचा संबंध येतो. दुहेरी मांडण्या एकमेकींपासून मध्य ते मध्य दीड मीटरवर ठेवल्या, तर मधली वाट मीटरभराची होते. चाकाची खुर्ची त्यातून जाते आणि खालच्या कप्प्यातील पुस्तक वाकून पाहणाऱ्याला मागच्याचा धक्का लागत नाही. खांब सहा मीटरवर असतील तर त्यांत अशा चार ओळी नेमक्या बसतात. खांब पाच मीटरवर आले की हिशेब बिघडतो आणि कोठे तरी खांब वाटेच्या मधोमध उभा राहतो. आतल्या भिंती शक्यतो टाळाव्यात. आज जेथे नियतकालिके आहेत तेथे दहा वर्षांनी संगणक असतील, आणि त्यानंतर काय असेल ते आज सांगता येणार नाही. विजेच्या जोडण्या मात्र प्रत्येक टेबलापर्यंत आधीच न्याव्यात. फरशीवरून ओढलेल्या वायरींच्या जाळ्यात अडखळणारे वाचक आपण पुष्कळ पाहिले आहेत.

सर्वांत कठीण प्रश्न पुन्हा त्या दहा तास बसणाऱ्या मुलामुलींचा. ग्रंथालयाची पुस्तके न वाचता स्वतःची पुस्तके घेऊन येणारा हा वर्ग ग्रंथालयाचा वाचक मानावा का? अनेक ग्रंथपाल खासगीत नाराजी व्यक्त करतात, आणि ती अगदीच अनाठायी नाही. हे परीक्षार्थी सकाळी सर्व खुर्च्या व्यापतात; संदर्भग्रंथ पाहायला आलेल्या माणसाला बसायला जागा उरत नाही, बालविभागातील हसण्या-बोलण्यावर तक्रारी येतात आणि हळूहळू सारे ग्रंथालय एक मोठी अभ्यासिका होऊन बसते. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर वस्तीतल्या मुलीला रात्री आठपर्यंत सुरक्षित आणि शांत बसता येईल अशी दुसरी सार्वजनिक जागा या शहरात कोणती आहे? खासगी अभ्यासिकेचे महिन्याचे शुल्क तिच्या घराला परवडतेच असे नाही.

चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयाने २०१० मध्ये या प्रश्नाला इमारतीतूनच उत्तर दिले. तेथे स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी स्वतंत्र दालन ठेवले आहे. एवढ्या साध्या विभागणीने दोन्ही वाचकांचे भांडण मिटते. आपल्याकडील आराखड्यांतही हे दालन पहिल्या दिवसापासून हवे, आणि ते संदर्भ विभागाच्या वाटेवर हवे. परीक्षार्थी येता-जाता ग्रंथांच्या रांगांमधून गेला, तर कधी तरी एखादे पुस्तक हातात घेईल. ही आशा भाबडी असेल, पण कपाटाला कुलूप असेल तर तीही राहत नाही.

या दालनाची खरी परीक्षा टेबल-खुर्चीत नाही, आजूबाजूच्या सोयींत आहे. थंड पाणी, डबा खाण्यासाठी वेगळी खोली, म्हणजे आमटीचा वास आणि मुंग्या पुस्तकांपर्यंत पोहोचत नाहीत, सामान ठेवण्याचे कप्पे, आणि मुलींसाठी पुरेशी, स्वच्छ, आतून जाता येणारी स्वच्छतागृहे. इमारतीच्या मागच्या बाजूला, अंधारात, कडी नसलेल्या दाराची एकच खोली असेल, तर मुली दिवसभर पाणी पिणे टाळतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचा परिणाम काय होतो, हे कोणत्याही डॉक्टरला विचारावे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. परंतु त्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. त्यामुळे ग्रंथालये शासकीय अनुदान आणि देणग्या यांवर चालतात. इमारतीसाठी शासनाच्या अनुदानाबरोबरच कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून साहाय्य मिळू शकते. पैसा असा तुकड्यांनी येणार असेल, तर इमारतही तुकड्यांनी वाढेल अशीच आखावी. पाया आणि खांब तीन मजल्यांचे, बांधकाम आज एका मजल्याचे, असे. सर्व रक्कम दर्शनी कमान आणि भाड्याने देण्याच्या सभागृहात घालून वाचनकक्ष ‘दुसऱ्या टप्प्यात’ ढकलला, की तो टप्पा सहसा येत नाही.

कर्मचाऱ्यांची संख्या वाढण्याची शक्यता नाही, हे गृहीत धरूनच आराखडा करावा लागतो. देवघेवीच्या टेबलाशी बसलेल्या एका माणसाला प्रवेशद्वार, बालविभाग आणि मांडणीच्या वाटा दिसल्या पाहिजेत. म्हणून कपाटांच्या ओळी त्याच्या नजरेच्या रेषेत लावाव्यात, आडव्या नकोत. आणि अभ्यासाच्या दालनाला रस्त्याच्या बाजूने स्वतःचे दार असावे, त्याच दाराच्या आत पाणी आणि स्वच्छतागृहे असावीत. मग संध्याकाळी सहा वाजता ग्रंथपाल आपली पुस्तके कुलपात ठेवून घरी जाऊ शकतो आणि एका पहारेकऱ्याच्या भरवशावर ते दालन रात्री दहापर्यंत उघडे राहू शकते. नकाशात हे एक दार आणि एक भिंत एवढेच काम आहे. बांधकाम झाल्यावर तेच करायचे म्हटले, तर नळाची वाहिनी फोडण्यापासून सुरुवात करावी लागते.